‘येस’ दाबले म्हणजे झाले?

सीएच्या कचेरीत सर्व्हरवरची टॅली उघडताना किंवा कारखान्याच्या हिशेबखात्यात रिमोट डेस्कटॉप सुरू करताना पिवळ्या चिन्हाची एक खिडकी समोर येते. समोरच्या संगणकाची ओळख पटवता आली नाही, तरीही जोडायचे का, असे ती विचारते. नव्या माणसाला जुना सांगतो, “येस दाब रे, ते रोजचंच आहे.”

काहींना वाटते, ही सूचना आली म्हणजे जोडणी एनक्रिप्टेड नाही. तसे नाही. एनक्रिप्शन असतेच, पण ते नेमके कोणाशी, याची खात्री नसते. मध्ये एखादा तोतया सर्व्हर बसला तर त्याच्याशीही उत्तम एनक्रिप्शन होईल. विंडोज सर्व्हर मुळात स्वतःचे सर्टिफिकेट स्वतःच बनवतो आणि त्याला दुसऱ्या कोणाची साक्ष नसते. तक्रार एवढीच आहे.

‘पुन्हा विचारू नका’ या चौकटीत खूण केली की प्रश्न मिटला, हा दुसरा समज. त्या खुणेने सर्व्हरवर काहीच बदलत नाही. सर्टिफिकेटचा ठसा, म्हणजे थंबप्रिंट, तुमच्या संगणकाच्या रजिस्ट्रीत नोंदला जातो, इतकेच. त्या आपोआप बनलेल्या सर्टिफिकेटची मुदत ६ महिने असते. ते बदलले की ठसा बदलतो, सूचना परत येते आणि खापर विंडोज अपडेटवर फुटते. अशा वेळी सर्व्हरच्या सिस्टिम लॉगमध्ये १०५६ क्रमांकाची नोंद शोधावी. नवे सर्टिफिकेट बनल्याचे ती सांगते. तारीख जुळली तर उलगडा झाला. नोंदच नसेल तर मात्र ‘येस’ला हात लावू नये. सर्व्हरच्या कन्सोलवर बसून तिथला ठसा आणि खिडकीत दिसणारा ठसा ताडून पाहावा.

सर्वाधिक वाद होतात ते एकाला सूचना येते आणि शेजारच्याला येत नाही तेव्हा. दोष संगणकाला दिला जातो, फॉरमॅट मारण्यापर्यंत मजल जाते. बहुतेक वेळा फरक असतो तो जोडताना काय टाइप केले यात. डोमेनमध्ये सर्व्हरचे पूर्ण नाव टाकले की केर्बेरॉस ही डोमेनची ओळख-पडताळणीची पद्धत त्याची ओळख पटवते आणि सर्टिफिकेटचा प्रश्न उठत नाही. आयपी पत्ता टाकला की केर्बेरॉस सहसा बाजूला पडते, काम एनटीएलएम या जुन्या पद्धतीवर येते आणि मग सर्टिफिकेट तपासले जाते. त्यावर असते सर्व्हरचे नाव, तुम्ही टाकलेले असतात आकडे. ते जुळणार कसे? म्हणून आधी नाव टाकून पाहावे. डोमेनच नसेल तर विश्वासार्ह संस्थेचे सर्टिफिकेट सर्व्हरवर बसवावे लागते आणि त्याच्या खासगी किल्लीवर ‘नेटवर्क सर्व्हिस’ खात्याला वाचण्याची परवानगी द्यावी लागते. ही परवानगी हमखास राहून जाते.

खिडकीत कारण लिहिलेले असते, ते मात्र कोणी वाचत नाही. मुदत संपल्याचे म्हटले असेल तर आधी दोन्हीकडचे घड्याळ पाहा.

“एनएलए बंद करा, चालतं” हा सल्ला मात्र घातक आहे. एनएलए म्हणजे नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन, सत्र उघडण्याआधीच लॉगिन तपासण्याची सोय. मार्च २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने, एनएलए ज्यावर चालते त्या क्रेडएसएसपीमधली एक त्रुटी बुजवली. मे महिन्याच्या अपडेटनंतर अद्ययावत संगणक जुन्या सर्व्हरशी जोडायला नकार देऊ लागले. खरा उपाय सर्व्हर अपडेट करणे हा होता, पण अनेकांनी एनएलएचे संरक्षणच उतरवले. पुढच्याच वर्षी, मे २०१९ मध्ये, ब्लूकीप ही रिमोट डेस्कटॉपमधली त्रुटी उघड झाली. ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठीही पॅच काढला. एनएलए चालू असलेल्या संगणकावर हल्लेखोराला आधी वैध लॉगिन मिळवावे लागत होते.

रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट बदलल्याने सूचना जात नाही आणि स्कॅनर नवा पोर्टही शोधून काढतात. सर्व्हर व्हीपीएनमागे ठेवा.

राहिली प्रकाशक अनोळखी असल्याची सूचना. ती सर्व्हरबद्दल नसून आरडीपी फाइलबद्दल, म्हणजे रिमोट डेस्कटॉपच्या जोडणीचा तपशील साठवलेल्या फाइलबद्दल असते. फाइलवर डिजिटल सही असली की ती सुरक्षित, असे मानू नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिडनाइट ब्लिझार्ड या रशियन गटाने ईमेलने पाठवलेल्या आरडीपी फायली सही केलेल्याच होत्या. त्या उघडणाऱ्याच्या संगणकातल्या ड्राइव्ह आणि क्लिपबोर्ड हल्लेखोरांच्या सर्व्हरला जोडले जात. तेव्हा ईमेलमधून आलेली आरडीपी फाइल उघडू नका. आणि ओळखीची फाइल उघडतानाही ड्राइव्ह, क्लिपबोर्ड आणि प्रिंटर यांपुढच्या खुणा, गरज नसेल तर, काढून टाका.