चार बोटे पाण्याचे पाहुणे

समुद्रकाठच्या पक्ष्यांविषयी जालना जिल्ह्यातील शाळेच्या वार्षिकात लेख यावा, याचे कित्येकांस नवल वाटेल. आमच्या वाट्यास आली आहे ती काळी जमीन, कापूस, मोसंबीच्या बागा आणि पाण्याची नित्याची ओढाताण. समुद्र येथून फार दूर. तथापि भाद्रपद सरत आला म्हणजे आमच्या तलावांच्या काठी लांब चोचीचे, मातकट रंगाचे जे लहान पक्षी तुरुतुरु धावताना दिसतात, ते समुद्रतीरावरील पक्ष्यांचेच गणगोत होत. तुतवार, चिखल्या, टिलवा, पाणलावा, पाणटिवळा ही त्यांची आपल्याकडील नावे. टिटवीही याच गणातील. पण ती येथेच अंडी घालते व बारमास राहते, म्हणून तिला पाहुणी म्हणता येत नाही.

यांतील टिलव्याचेच उदाहरण घेऊ. त्याचे वजन सुमारे दोन तोळे. त्याची वीण होते ती उत्तर ध्रुवानजीकच्या ओसाड माळांवर, नॉर्वेच्या उत्तर टोकापासून सैबेरियापर्यंत. तेथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही व डासचिलटांचा सुकाळ असतो. पिले अंड्यातून बाहेर पडताच आपले अन्न आपण टिपू लागतात. हा सुकाळ अल्पकाळाचा. थंडी पडू लागण्यापूर्वीच हे पक्षी दक्षिणेकडे निघतात, आणि या गणातील अनेक जातींत आईबाप आधी जातात व पिले मागाहून, वाट दाखविणारा कोणी नसता, निघतात. ध्रुवप्रदेशापासून हिंदी महासागरापर्यंतचा जो पक्ष्यांचा आकाशमार्ग मध्य आशियाई मार्ग म्हणून ओळखला जातो, तो सुमारे तीस देशांवरून जातो. आपला मराठवाडा त्याच मार्गात आहे.

एवढ्याशा देहात हे बळ येते कोठून? पाणटिवळ्याचा एक समुद्रवासी भाऊबंद ऑक्टोबर २०२२ मध्ये अलास्काहून निघाला तो कोठेही न उतरता अकरा दिवसांनी टास्मानियात पोहोचला. त्याच्या पाठीवरील यंत्राने नोंदविलेले अंतर सुमारे १३,५६० किलोमीटर भरले. अशा प्रवासापूर्वी पक्षी इतके खातो की त्याचे वजन दुपटीच्या आसपास जाते. शिवाय वाटेत निरुपयोगी ठरणारे जठर व आतडे आक्रसून लहान होतात. शिदोरी बाहेर न बांधता अंगातच बांधावयाची, असा हा प्रकार आहे. ती जेथे बांधता येते तो चिखल नाहीसा झाला, तर पंख शाबूत असूनही प्रवास घडावयाचा नाही.

चिखल हा शब्द आपण तुच्छतेने उच्चारतो. परंतु तलावाच्या काठचा ओला गाळ म्हणजे अळ्या, किडे, गांडुळे व बारीक शिंपले यांनी भरलेले कोठार होय. चिखल्याची चोच आखूड व डोळे मोठे. तो धावतो, थबकतो व वरवरचे टिपतो. तुतवाराची चोच त्याहून खोल जाते, पाणटिवळ्याची त्याहूनही खोल. पाणलाव्याच्या चोचीचे टोक इतके संवेदनशील असते की न दिसणारा किडा त्यास स्पर्शाने कळतो. आणि बाकीची चोच मिटलेली ठेवून केवळ टोक उघडण्याची कला त्यास साधलेली असल्यामुळे तो चिखलाच्या आतच भक्ष्य चिमटीत धरतो. अशा रीतीने एकाच काठावर अनेकांची पंगत बसते व कोणी कोणाच्या पानातले घेत नाही. मात्र या सर्वांस पोहता येण्यापेक्षा उभे राहता येणे अगत्याचे असते. पाणी चार बोटांहून खोल झाले की टिलव्याचे पाय टेकत नाहीत. पाणटिवळ्याचेही वीतभर पाण्यापलीकडे चालत नाही.

या दृष्टीने पैठणचा नाथसागर अद्वितीय आहे. १९६५ साली पायाभरणी होऊन १९७६ साली जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले. सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली तेव्हा आमचा मुलूख त्या संस्थानात होता, पण हे जलाशय मात्र नव्हते. मनुष्याने आपल्या तहानेकरिता अडविलेल्या पाण्यास पक्ष्यांनी आपले मानले, आणि १९८६ साली तेथे सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. जलाशयाची लांबी सुमारे ५५ किलोमीटर, रुंदी कोठे कोठे २७; पात्र उथळ व पसरट. त्यामुळे पाणी हातभर उतरले तरी शेकडो पावलांची जमीन उघडी पडते. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत डावा कालवा आमच्या जिल्ह्यातील शेतांस पाणी देत असतो, तेव्हा इकडे जलाशयाकाठी रोज नवा ओला पट्टा पक्ष्यांपुढे वाढला जातो. शेतकऱ्याचे पाणी व पक्ष्याचे अन्न यांचा असा मेळ क्वचित आढळतो.

पण तोच पट्टा गाळपेरीसही सोयीचा असतो. पाणी हटताच नांगर येतो, पाठोपाठ कीटकनाशक येते. या धरणाने शंभराहून अधिक गावे विस्थापित केली, हे ध्यानात ठेवता गाळपेर करणारास सरसकट दोष देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. तथापि अगदी पाण्यालगतची जमीन तरी चैत्रापर्यंत मोकळी राहावी व तेथे औषध फवारले जाऊ नये, हे मागणे अवाजवी नव्हे.

दुसरी गोष्ट आमच्या अधिक निकटची आहे. जालना शहराकरिता निजामाच्या राजवटीत बांधलेला घाणेवाडी तलाव गाळाने भरत गेला, आणि २०१२-१३ च्या दुष्काळात शहर टँकरवर जगले. लोकांनी तलावाचा गाळ उपसला. शेतकऱ्यांनी तो शेतात नेला. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या नावाने सरकारची योजनाही चालली. तहानलेल्या जिल्ह्यात गाळ काढू नका असे म्हणण्याचे धारिष्ट आम्ही करणार नाही, व तसे म्हणणे अन्यायाचेही होईल. प्रश्न आहे तो काठ कसा ठेवावा याचा. यंत्राने काठापासूनच सरळ खोल उकरले तर तलावास विहिरीसारखी कडा येते; पाणी भरपूर, पण उभे राहण्यास जागा नाही. तेच तलावाच्या मध्यभागी खोल उकरून एका बाजूचा उतार सौम्य ठेवला, तर साठ्यात फारशी तूट न येता पक्ष्यांची पंगत टिकते; गुराढोरांसही पाण्यापर्यंत सुखाने उतरता येते.

यास काळही अनुकूल आहे. वैशाख लागेपर्यंत बहुतेक पाहुणे उत्तरेस गेलेले असतात, आणि गाळ काढण्याचे मुख्य काम त्याच सुमारास जोरात चालते. यंत्रे चालू असता काठावर फारसे कोणी नसते. भाद्रपदात पुनः येणाऱ्या पक्ष्यांस मात्र तो काठ त्या उन्हाळ्यात जसा ठेवला असेल तसाच मिळतो.