शंभरातून सात गेले किती?

शंभरातून सात वजा करा. उरले त्यातून पुन्हा सात. ९३, ८६, ७९... इथे बहुतेकांची गाडी जरा अडखळते, वय पंचवीस असो की पंचाहत्तर. 'मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन' या ३० गुणांच्या चाचणीत या वजाबाकीला पाच गुण असतात. मार्शल फोल्स्टीन, सुझन फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी ही चाचणी १९७५ साली प्रसिद्ध केली. आज वार कोणता, आपण कुठल्या गावात आहोत, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढा, असे साधेच प्रश्न; सगळा मामला दहाएक मिनिटांचा. यातून निदान होत नाही. पुढची तपासणी करायची का, एवढंच ठरतं.

वयाबरोबर हे गुण किती घसरतात? १९९३ साली एका निबंधात अमेरिकेतल्या १८,०५६ प्रौढांचे आकडे छापून आले. १८ ते २४ वयाच्या गटात मध्यक होता २९ आणि ऐंशी ओलांडलेल्यांत २५. साठ वर्षांच्या संसारात अवघे चार गुण गेले! 'आता वय झालं' असं म्हणत साठीतच हात टेकणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

पण थक्क करणारी गोष्ट त्याच निबंधात पुढे आहे. नऊ किंवा जास्त वर्षं शाळेत गेलेल्यांचा मध्यक २९. पाच ते आठ वर्षं गेलेल्यांचा २६. आणि जेमतेम चौथीपर्यंत पोचलेल्यांचा २२. म्हणजे वयाने चार गुण जातात, तर शाळेअभावी सात! शिवाय दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या. ही माहिती १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गोळा झाली होती. तेव्हाची ऐंशीची माणसं विसाव्या शतकाच्या तोंडावर जन्मलेली, लवकर शाळा सुटलेली. त्यांच्या घसरणीतला थोडा वाटा म्हातारपणाचा नाही, बालपणाचा आहे. आणि २४च्या खाली गेलं की शंका घ्यायची, असा सर्रास प्रघात! त्या हिशेबाने जेमतेम चौथीपर्यंत पोचलेल्यांतले निम्म्याहून अधिक जण संशयित ठरतात.

खुद्द वय नेमकं कुठे बोट लावतं, हे चाचणीतल्या तीन शब्दांत दिसतं. आधी तीन शब्द म्हणायला लावतात, मग ती वजाबाकी, आणि मन त्यात गुंतलं की विचारतात, 'मघाचे शब्द कोणते?' वजाबाकी मध्ये घालण्यात हीच मेख आहे. निरोगी म्हाताऱ्या माणसाचा एखादा शब्द इथे निसटतो, पण 'ते एक फळ होतं' असं सुचवलं की बहुधा चटकन आठवतं. शब्द साठवलेला असतो, सापडायला वेळ लागतो. अल्झायमरमध्ये मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भागच लवकर झिजू लागतो. शब्द नीट साठवलाच जात नाही, म्हणून सूचनेचाही फारसा उपयोग होत नाही. उलट निरोगी माणसाचा शब्दसंग्रह साठीतही टिकून असतो, पुष्कळदा वाढलेलाच असतो. पण त्याला या परीक्षेत गुण नाहीत!

शाळेची अडचण आपल्याकडे हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत सोडवावी लागली. मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली मांडलेल्या हिंदी आवृत्तीत 'एक वाक्य लिहा' याऐवजी 'आपल्या घराबद्दल काहीतरी सांगा' असं विचारतात. मूळ चाचणीत 'डोळे मिटा' हे कागदावर वाचून करायचं असतं. इथे तपासणारा म्हणतो, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा, आणि स्वतःच डोळे मिटतो.