११५०चं शिखर कुणाचं?

मंडळी, आजचा विषय आहे अतिसूक्ष्म स्फटिकांचा हिरा, आणि त्याच्या बाबतीत बरीच वर्षं चाललेली एक गफलत.

रामन पद्धतीची उजळणी आधी. पदार्थावर एकाच रंगाचा लेसर टाकायचा. विखुरलेला बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा असतो, पण अगदी थोडा अणूंच्या कंपनांना ऊर्जा देऊन रंग बदलून येतो. रंग किती बदलला यावरून आतले बंध कळतात. शोध १९२८चा, कलकत्त्यातला. हिऱ्याची खूण सी. रामस्वामी यांनी १९३०मध्ये प्रसिद्ध केली: १३३२ प्रति सेंटिमीटरला एकच टोकदार शिखर.

आता मिथेन आणि हायड्रोजनच्या प्लाझ्मातून हिऱ्याचा पातळ थर वाढवतात. स्फटिक काही नॅनोमीटरपासून काही दहा नॅनोमीटरपर्यंतचे. दगडी भिंत डोळ्यासमोर आणा: दगड हिऱ्याचे, सांध्यातला चुना मात्र वेगळ्या, ग्रॅफाइटसारख्या कार्बनचा. हिरव्या लेसरला हा चुना हिऱ्यापेक्षा पन्नासपट किंवा त्याहूनही जास्त जोरानं प्रतिसाद देतो. म्हणजे थरात हिराच जास्त असला तरी आलेखात गोंगाट चुन्याचा. १३३२ कुठंतरी दबून जातं.

त्याच आलेखात ११५०च्या आसपास एक शिखर दिसायचं. अनेकांनी ते नॅनोहिऱ्याचं मानलं. तर्क वाईट नव्हता हं! स्फटिक फार लहान झाला की एरवी न दिसणारी कंपनं दिसू लागतात. मग काय, ११५० दिसलं की झाला नॅनोहिरा सिद्ध.

२००१मध्ये फेरारी आणि रॉबर्टसन यांनी हे तपासलं. लेसरचा रंग बदलला की हे शिखर जागा सोडतं. हिऱ्याचं १३३२ तसं सरकत नाही. अतिनील लेसर वापरला की ते नाहीसंच होतं. आणि १४५०जवळचा एक जोडीदार कायम त्याच्याबरोबर. त्यांनी सांगितलं, हा हिरा नव्हे, हे ट्रान्स-पॉलिअॅसिटिलीन: सांध्यांत बसलेल्या, एकाआड एक दुहेरी बंधांच्या कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्या.

मगाशी एकांनी विचारलं, हायड्रोजन आहे हे कशावरून? पुढे साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, घेऊन थर वाढवले गेले. नुसत्या कार्बनचं कंपन असतं तर फरक पडायला नको होता, पण शिखर हललं. थर खूप तापवल्यावर हायड्रोजन निघून गेला, शिखरही गेलं, हिरा जागेवरच.

मग हिरा बघायचा कसा? २४४ नॅनोमीटरच्या अतिनील लेसरनं. तिथं चुन्याचा वरचष्मा कमी होतो आणि १३३२ स्पष्ट वर येतं. ११५० मात्र फेकून देऊ नका, सांध्यांत हायड्रोजनच्या साखळ्या आहेत एवढं ते नक्की सांगतं.