जुन्या ट्रॅव्हलरचा रेडिएटर: बदलताना काय पाहावे

डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जाच गाडी ओढण्याच्या कामी येते. जवळपास तेवढीच सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जाते आणि उरलेली बहुतेक उष्णता सिलिंडर व हेड यांच्याभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरते. इंजिन ५० किलोवॉट शक्ती देत असेल, तर पाण्यातून बाहेर काढायची उष्णताही ४० ते ५० किलोवॉटच्या घरात जाते. बाथरूममधले दोन किलोवॉटचे वीसेक गीझर एकदम चालू ठेवावेत, तेवढी ही उष्णता. ती हवेत सोडण्याचे काम पुढच्या जाळीमागे उभा असलेला रेडिएटर करतो. म्हणूनच जुनी व्हॅन घाटात तापू लागली की पहिला संशय त्याच्यावर येतो.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर अशा जुन्या व्हॅनचे सर्वात ओळखीचे उदाहरण म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, ती १९८७ मध्ये आणली. सुरुवातीच्या ट्रॅव्हलरमध्ये मर्सिडीजच्या ‘ओएम ६१६’ या २.४ लिटरच्या, टर्बो नसलेल्या डिझेल इंजिनाची परवान्याखाली बनवलेली आवृत्ती होती. इंजिन दणकट, पण आखूड बॉनेटखाली दाटीने बसवलेले. त्यामुळे त्याच्याभोवती हवा खेळायला जागा कमीच. अशा गाडीवर पुढे कॅरिअर चढते, सीट वाढतात, आणि नंतर केव्हातरी एसी बसतो. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच लागतो. म्हणजे हवेची वाट थोडी अडते आणि रेडिएटरपर्यंत पोहोचणारी हवा आधीच तापलेली असते. मूळ रेडिएटर या जादा भारासाठी बनवलेलाच नसतो.

रेडिएटरची रचना साधी आहे. दोन टाक्या, त्यांच्यामध्ये चपट्या नळ्या आणि नळ्यांना चिकटलेल्या पातळ धातूच्या फिन; नळ्या-फिनच्या या जाळीला कोअर म्हणतात. पाण्याची उष्णता नळीला, नळीची फिनला आणि फिनची हवेला मिळते. या साखळीतली सर्वात अशक्त कडी हवेची आहे, कारण आकारमानाने तेवढ्याच पाण्याच्या तुलनेत हवा जेमतेम साडेतीन हजारावा भाग उष्णता वाहून नेते. म्हणून हवेला भिडणारा पृष्ठभाग प्रचंड लागतो. विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने हे फार लवकर ओळखले. १९००-०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीत त्याने ८,०७० लहान नळ्यांचा मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला आणि तापणाऱ्या गाड्यांचा प्रश्न एका झटक्यात बराच सोपा केला. आजचे रेडिएटर याच विचारावर उभे आहेत.

मोठा रेडिएटर विकत घेण्याआधी गाडी कोणत्या वेळी तापते हे नीट पाहिले पाहिजे. पैसे वाचतात ते इथेच. गाडी सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये उभी असताना काटा चढत असेल आणि रस्ता मोकळा मिळताच खाली येत असेल, तर दोष बहुधा पंख्याचा: बेल्ट सैल, पंख्याचा क्लच निकामी किंवा पंख्याभोवतीचे आवरण गायब. उलट, हमरस्त्यावर वेगात किंवा भरलेल्या गाडीने घाट चढताना काटा हळूहळू वर जात असेल, तर रेडिएटरची ताकद कमी पडते आहे, किंवा तो आतून चोंदला आहे, असे समजावे. थंड इंजिन चालू करताच रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, होज पाईप लगेच दगडासारखे कडक होत असतील, किंवा गळती दिसत नसताना पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केट तपासावे. तिथे कितीही मोठा रेडिएटर लावला तरी उपयोग नाही. इन्फ्रारेड थर्मामीटरने जाळीवर ठिकठिकाणी तापमान घेतले, तर चोंदलेल्या नळ्यांचा भाग आजूबाजूपेक्षा स्पष्टपणे थंड लागतो.

नळ्या चोंदण्याचे कारण बहुतेक वेळा पाणीच असते. घाटाच्या पायथ्याच्या ढाब्यावर, पंपावर, जिथे मिळेल तिथले बोअरचे पाणी ओतायची सवय चालकांना असते आणि दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी ते जड असते. तापताना त्यातले क्षार नळ्यांच्या आत थर धरतात. तांबे उष्णता उत्तम वाहून नेते, तर हा थर तिला शेकडो पटींनी जास्त अडवतो. म्हणून बाहेरून ठणठणीत दिसणारा रेडिएटरही आतून निकामी असू शकतो. तांब्या-पितळेच्या रेडिएटरच्या टाक्या डाख वितळवून काढता येतात, नळ्यांतून पट्ट्या फिरवून क्षार काढता येतात आणि टाक्या पुन्हा डाखता येतात. गॅरेजमध्ये याला रॉडिंग म्हणतात. कोअर शाबूत असेल तर कित्येकदा एवढ्यानेच गाडी ताळ्यावर येते.

कोअरच बदलायचा ठरला तर मार्ग दोन. पहिला, जुन्या टाक्या ठेवून जास्त रांगांचा नवा तांब्याचा कोअर भरून घेणे. होजची तोंडे आणि पकडीच्या जागा जशाच्या तशा राहतात, हा त्याचा मोठा फायदा. मात्र दोन रांगांच्या जागी चार केल्या म्हणून गारवा दुप्पट होत नाही. मागच्या रांगांना पुढच्या रांगांनी तापवलेली हवा मिळते आणि जाड कोअरमधून हवा ओढणे पंख्यालाही जड जाते. जागा असेल तर जाडीपेक्षा उंची-रुंदी वाढवणे केव्हाही श्रेयस्कर.

दुसरा मार्ग ॲल्युमिनियमचा. धातू म्हणून तांबे उष्णतेचे सरस वाहक आहे, मग ॲल्युमिनियमचा रेडिएटर सरस कसा, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर जोडणीत आहे. तांब्याच्या रेडिएटरमध्ये फिन आणि नळी यांच्यामध्ये डाख असतो आणि तो उष्णतेला तांब्याइतकी सहज वाट देत नाही. ॲल्युमिनियमच्या नळ्या व फिन भट्टीत एकजीव जोडले जातात, नळ्याही रुंद घेता येतात. त्यामुळे दोन रुंद रांगा चार अरुंद रांगांची बरोबरी करतात आणि वजनही बरेच घटते. दुसरी बाजूही आहे. दगड लागून नळी फुटली तर गावातल्या रेडिएटरवाल्याला तांबे लगेच डाखता येते, ॲल्युमिनियमसाठी वेल्डिंगचा सराव असलेला कारागीर शोधावा लागतो. आडवाटेच्या गावांकडे नेहमी जाणाऱ्या गाडीला म्हणूनच तांबे अधिक सोयीचे.

रेडिएटर कोणताही असो, हवा त्याच्यातूनच गेली पाहिजे. कडेला बोटभर फट राहिली तर हवा सोपी वाट धरते आणि जाळीला वळसा घालून निघून जाते. अशा फटी फोमच्या पट्टीने बुजवाव्यात. पंख्याभोवतीचे आवरण तर कधीच काढून ठेवू नये. त्याच्याशिवाय पंखा स्वतःसमोरच्या गोलातूनच हवा ओढतो आणि कोपरे कोरडे राहतात. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडीचा वेग इतका कमी असतो की सगळी भिस्त पंख्यावरच असते.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. अनेक इंजिनांत उघडलेला थर्मोस्टॅट बायपासची वाट बंद करतो. तो काढला की काही पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच घुमत राहते. शिवाय सपाट रस्त्यावर इंजिन पुरेसे तापत नाही, त्यामुळे झीज वाढते आणि डिझेलही जास्त जाते.

झाकणाचे महत्त्व त्याच्या किमतीवरून लक्षात येत नाही. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडे पाणी सुमारे ९५-९६ अंश सेल्सिअसलाच उकळते. समुद्रसपाटीला ०.९ बार दाबाच्या झाकणाखाली तेच ११८ अंशांच्या आसपास उकळते. इथिलीन ग्लायकॉलचे कूलंट निम्मे मिसळले तर ही मर्यादा आणखी वर जाते. कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये ॲल्युमिनियमसाठी तर अत्यावश्यक आहेत. मात्र शुद्ध पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा थोडी जास्त उष्णता वाहून नेते, म्हणून निम्म्याहून जास्त कूलंट घालू नये. उरलेला भाग डिस्टिल्ड वॉटरचा असावा. नव्या रेडिएटरवर जुने, स्प्रिंग सैल झालेले झाकण बसवणे ही अगदी टाळण्याजोगी काटकसर आहे.

बसवण्याचे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडले की दाब सुटून उकळते पाणी अंगावर येते आणि माणूस गंभीर भाजतो. जुने पाणी काढल्यावर इंजिनातले मार्गही धुवून घ्यावेत, नाहीतर तिथला गाळ दोन-तीन आठवड्यांत नव्या नळ्यांत येऊन बसतो. होज, क्लिप आणि पकडीखालचे रबर नवे घालावे. चेसिसचे हादरे थेट टाकीला बसले तर सांधा तडकतो. भरताना गाडीचे नाक थोडे उंच ठेवावे, हीटर असल्यास त्याचा नळ उघडावा, आणि थर्मोस्टॅट उघडून वरचा होज गरम होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे. अडकलेली हवा बाहेर पडली की पातळी खाली जाते. ती भरून घेऊन मगच झाकण लावावे.

खरी परीक्षा भरलेल्या गाडीने बोरघाट किंवा कसारा चढताना होते. चढणीवर काटा थोडा वर जाणे स्वाभाविक आहे. माथ्यावर पोहोचल्यावर तो काही मिनिटांत नेहमीच्या जागी आला पाहिजे. पुढचे काही दिवस रोज सकाळी थंड इंजिनावर पातळी पाहावी आणि सांध्यांखाली ओल आहे का ते तपासावे. काढलेले जुने कूलंट गटारात किंवा उघड्यावर ओतू नये. ते चवीला गोड असते, कुत्री-गुरे ते चाटतात, आणि ग्लायकॉल थोड्या मात्रेतही त्यांचा जीव घेऊ शकते. ते बंद डब्यात भरून टाकाऊ ऑइलपासून वेगळे ठेवावे आणि अशी रसायने घेणाऱ्याकडेच द्यावे.