आजीचा आवाज कसा जतन करावा?

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या नायगांवांतील कित्येक घरांत अशी एखादी आजी असते कीं, हळदीचीं व लग्नाचीं गाणीं तिला तोंडपाठ येतात. परंतु तीं कोठेंही लिहिलेलीं नसतात. शब्द वहींत उतरवितां येतील. पण चाल, ठेका आणि बोलीचा गोडवा कागदावर कसा उतरावा? त्यासाठीं ध्वनिमुद्रणच पाहिजे.

हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं १९८० च्या दशकापासून आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडीं फिरून जात्यावरील एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जातीं थांबलीं. तरी ध्वनिमुद्रणामुळें त्यांतील कित्येक बायांचा गळा आजही ऐकावयास मिळतो.

हें कार्य आपणही घरीं करूं शकतों. प्रथम मायक्रोफोनचा विचार करूं. त्याचे मुख्य प्रकार दोन. ‘डायनॅमिक’ प्रकारांत पडद्यास जोडलेलें तारेचें वेटोळें चुंबकाजवळ हालतें व वीज उत्पन्न होते. हा दणकट असतो; मात्र तोंडाच्या अगदीं जवळ धरावा लागतो. ‘कंडेन्सर’ प्रकारांत अतिशय पातळ पडदा धातूच्या पट्टीसमोर कांपतो. तो बारीकसारीक ध्वनि टिपतो. पण त्याबरोबर पंख्याची घरघर आणि आगगाडीचा खडखडाटही टिपतो. म्हणून शांत खोलींत कंडेन्सर व गजबजलेल्या अंगणांत डायनॅमिक घ्यावा. दोन्ही नसल्यास मोबाइल पुरे. त्यांतील मायक्रोफोन कंडेन्सरच्याच कुळांतला असतो.

मायक्रोफोनच्या किंमतीपेक्षां त्याचें अंतर अधिक महत्त्वाचें. अंतर निम्में केलें कीं गाणाऱ्याचा आवाज सुमारें सहा डेसिबेलनें वाढतो. खोलींतील गोंगाट मात्र तेवढाच राहतो. तेव्हां मायक्रोफोन तोंडापासून वीतभर, पण किंचित् बाजूस ठेवावा. म्हणजे ‘प’, ‘फ’ उच्चारतांना सुटणारा श्वास त्यावर आदळत नाहीं.

आतां ध्वनीची पातळी. मिठागराचा बांध रोजच्या भरतीवरून घालीत नाहींत. उधाणाचें पाणी पाहून घालतात. तसेंच येथें करावें. मापकाची कमाल मर्यादा शून्य डेसिबेल असते. आजीस सर्वांत चढ्या स्वरांतील कडवें म्हणावयास सांगावें व त्या वेळीं कांटा उणें बाराच्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी. प्रत्यक्ष गातांना आजी रंगांत येते व आवाज आणखी चढतो; त्यासाठीं ही मोकळी जागा. शून्याच्या वर गेलेला ध्वनि कापला जाऊन चिरकतो व मागाहून नीट सुधारत नाहीं. थोडा लहान आवाज मात्र पुढें वाढवितां येतो. फारच लहान ठेवल्यास त्याबरोबर घरघरही वाढते. पातळी आपोआप बदलणारी सोय असल्यास बंद करावी. कारण आजी श्वास घेण्यास थांबली कीं ती मागचा गोंगाट उचलून धरते. ज्या यंत्रांत पातळी हातीं नसते, तेथें आवाज चिरकल्यास यंत्रच थोडें दूर न्यावें.

प्रारंभीं आजीची संमति घ्यावी, पंखा बंद करावा आणि मिनिटभर मुद्रण करून तें कानांस यंत्र लावून ऐकावें. शेवटीं तारीख, आजीचें नांव, गांव व गाण्याचा प्रसंग तिच्याच तोंडून वदवून घ्यावा आणि प्रती दोन ठिकाणीं ठेवाव्या.

पालकांसही विनंति आहे कीं, या सुट्टींत मुलांस एक दुपार आजीजवळ बसूं द्यावें. यंत्र पुढील वर्षींही मिळेल. तो आवाज मिळेलच असें नाहीं.