प्रत्यारोपणानंतरचा ताप कुठून येतो?

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडी एकच शब्द असतो: काउंट. काउंट शून्यावर गेले, आज शंभर आले, उद्या पाचशे होतील. पांढऱ्या पेशींच्या या मोजणीवर बरेच काही अवलंबून असते हे खरे. पण तिच्याभोवती एक समजूत घट्ट बसली आहे. ती अशी, की धोका बाहेरून येतो. काउंट खाली असेपर्यंत तो बंद खोली, मास्क आणि गाळलेल्या हवेने अडवायचा, आणि काउंट वर आले की सुटलो. देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण 1983 मध्ये परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले. त्याच संस्थेचे हे काम आज नवी मुंबईत, खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये चालते आणि तिथे देशभरातून रुग्ण येतात. यातला प्रत्येकजण फाइल आणि कपड्यांच्या पिशवीबरोबर आपल्या गावचे जंतूही घेऊन येतो. तो कुठे वाढला, कोणत्या मातीत अनवाणी चालला, घरात कोणाला क्षय झाला होता, याची नोंद त्याच्या शरीरात असते. म्हणून माझ्या मते प्रत्यारोपणाआधी विचारलेला जन्मापासूनचा पत्ता ही एक वैद्यकीय तपासणीच आहे, आणि तिला रक्ततपासणीइतकेच महत्त्व मिळायला हवे.

आधी बंद खोलीबद्दल. तिथला हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू त्याहून मोठे असल्यामुळे ते बाहेरच राहतात. ज्या शहरात दर दोन गल्ल्यांआड पाया खणला जातो आणि पावसाळ्यात भाड्याच्या खोल्यांच्या भिंती ओलीने काळवंडतात, तिथे हे संरक्षण अनमोल आहे, कारण बांधकामाच्या धुळीतून हे बीजाणू उधळतात. मात्र केमोथेरपीने तोंडापासून आतड्यापर्यंतचे अस्तर सोलवटलेले असते. एरवी आतड्यात गुमान राहणारे जिवाणू त्या फटींतून थेट रक्तात उतरतात, आणि त्यांना कोणताही फिल्टर अडवू शकत नाही. आपल्याकडे हे जिवाणूही वेगळे आहेत. कार्बापेनेमसारख्या राखीव प्रतिजैविकांनाही दाद न देणारा क्लेब्सिएला अनेक रुग्णांच्या आतड्यात दाखल होण्याआधीच ठाण मांडून असतो. पाश्चात्त्य देशांत या काळात ताप टाळण्यासाठी लिव्होफ्लोक्सॅसिन देण्याची पद्धत आहे. आपल्याकडच्या जंतूंपुढे त्याचा जोर कमी पडतो. शिवाय ते क्षयाच्या जंतूंना अर्धवट दाबते, म्हणजे क्षय असलाच तर तो झाकला जातो आणि निदान लांबते.

क्षयाबद्दल दोन समजुती आहेत. एक, लहानपणी बीसीजी टोचली आहे, म्हणजे काळजी नाही. दोन, छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे, म्हणजे क्षय नाही. बीसीजी बालकांना क्षयाच्या घातक प्रकारांपासून वाचवते, पण मोठेपणी तिचा भरवसा धरता येत नाही. एक्स-रे तर सुप्त क्षय दाखवतच नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि ज्यांच्या शरीरात जंतू नुसता निजलेला आहे असे लोक त्याहून कितीतरी जास्त. मान्टूची चाचणी कोपराखालच्या हातावर उठणाऱ्या गाठीवरून हे सांगते खरी, पण ती गाठ ज्या पेशी उठवतात त्याच केमोने खचलेल्या असतात. चाचणी निगेटिव्ह आली, तरी तिच्यावर विसंबता येत नाही. मग सगळ्यांनाच आधीपासून क्षयाचे औषध का देऊ नये, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. अडचण औषधांच्या आपसातल्या भांडणाची आहे. आयसोनियाझिड यकृताला जड जाते, आणि प्रत्यारोपणात यकृत आधीच ताणाखाली असते. रिफाम्पिसिन दिले तर दात्याच्या पेशींना आवरणारे सायक्लोस्पोरिन आणि बुरशीवरचे व्होरिकोनॅझोल या दोन्हींची रक्तातली पातळी कोसळते. एक पडली की दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटतात, दुसरी पडली की बुरशीला वाट मोकळी होते. म्हणून सरसकट गोळ्या वाटण्यापेक्षा घरात कोण, कधी, किती महिने आजारी होते हे खोदून विचारणे आणि शंका आली की सीटी स्कॅन करणे, हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो.

जंतांकडे तर कोणी गंभीरपणे पाहतच नाही. जंत म्हणजे लहान मुलांचे दुखणे, एक गोळी घेतली की संपले, असे आपण मानतो. स्ट्राँगिलॉइडिस हा जंत याला अपवाद आहे. त्याची जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची मादी लहान आतड्याच्या अस्तरात राहते. तिच्या अळ्या ओल्या मातीतून पायाच्या कातडीवाटे शिरतात. चिखलात अनवाणी भात लावणाऱ्याला त्या केव्हा शिरल्या ते कळतही नाही. बहुतेक जंत बाहेरून पुन्हा आले नाहीत तर काही वर्षांत संपतात. याच्या अळ्या मात्र आतड्यातच वाढून पुन्हा शरीरात शिरतात, आणि हे चक्र आयुष्यभर चालू शकते. दुसऱ्या महायुद्धात सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर राबवलेल्या ब्रिटिश युद्धकैद्यांच्या शरीरात हा जंत चाळीस वर्षांनंतरही सापडला होता. ते मायदेशी परतले, म्हातारे झाले, आणि जंत तिथेच होता. निरोगी माणसाला त्याचा त्रास जवळजवळ होत नाही. पण प्रत्यारोपणानंतर स्टिरॉइड सुरू झाले, की अळ्या हजारोंनी फोफावतात, आतड्यातले जिवाणू अंगावर घेऊन फुप्फुसांत आणि रक्तात पसरतात, आणि वरून दिसतो तो साधा सेप्सिस. मग प्रतिजैविके बदलली जातात आणि मूळ तसेच राहते. शौचाची तपासणी, शक्य तिथे प्रतिपिंडांची चाचणी आणि आधीच दिलेल्या आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या, एवढ्याने हे टळू शकते. शेतीमातीत वाढलेल्या रुग्णाच्या बाबतीत हे राहून जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

दाता सुदृढ दिसतो म्हणून त्याच्याकडून काही येणार नाही, हाही गैरसमजच. आपल्याकडे दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही, हेपेटायटिस बी आणि सी, सिफिलिस व मलेरिया यांसाठी तपासणी होते. डेंगी त्या यादीत नाही. डेंगीचा विषाणू ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीच रक्तात असतो, आणि मज्जेबरोबर तो रुग्णापर्यंत पोहोचल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. गच्चीवरच्या टाक्या आणि बांधकामावर साठलेले पाणी यांत मलेरियाचा शहरी डास वाढतो. तेव्हा पावसाळ्यात पेशी द्यायला आलेल्या भावाला किंवा बहिणीलाही मच्छरदाणी लागते, आणि अंग जरासे कसकसले तरी ते डॉक्टरांना सांगावे लागते.

एवढे सगळे असेल तर परदेशातच जावे, असे काहींना वाटेल. पण सुप्त क्षय आणि जंत विमानात सोबतच बसतात, आणि तिथल्या डॉक्टरांच्या मनात ते पहिल्या झटक्याला येतीलच असे नाही. पद्धतीही जशाच्या तशा उचलता येत नाहीत. न्यूट्रोपेनियातल्या, म्हणजे काउंट खाली असतानाच्या, आहाराचे घ्या. कच्ची फळे-भाज्या बंद ठेवल्याने संसर्ग कमी होतात का, हे इटलीतल्या एका मोठ्या चाचणीत पाहिले गेले. मोकळा आहार घेणाऱ्यांना संसर्ग जास्त झाले नाहीत, असे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत दिसले. म्हणजे कडक पथ्याचा आग्रह फारसा आधार नसताना धरला जातो, आणि आधीच जेवण न जाणाऱ्या रुग्णाची उपासमार होते. हे मान्य करूनही मी म्हणेन, की तिथल्या सॅलडचा निकाल इथल्या गाड्यावरच्या चटणीला लावता येत नाही. आपल्याकडे प्रश्न पाण्याचा आणि हाताचा आहे. घरचा गरम वरणभात, सोललेले फळ आणि उकळलेले पाणी पुरेसे आहे. प्रतिकारशक्तीच्या नावाने दिले जाणारे काढे मात्र नकोत, कारण ते यकृतावर आणि औषधांच्या पातळीवर काय करतील याची खात्री नसते.

शेवटी पुन्हा काउंट. काउंट वर येतात तेव्हा परतलेल्या असतात त्या जिवाणूंशी लढणाऱ्या पेशी. विषाणू आणि क्षय यांना आवरणाऱ्या टी-पेशींना सावरायला वर्ष-दोन वर्षे लागतात, आणि दात्याच्या पेशी उलटल्या तर त्याहून जास्त. सायटोमेगॅलोव्हायरस आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक प्रौढाच्या शरीरात असतो. तो डोके वर काढतो तो बहुधा काउंट आल्यावर, म्हणून तेव्हाही पीसीआर सुरू राहते. क्षय तर पुष्कळदा शंभर दिवस उलटल्यावर येतो, म्हणजे रुग्ण गावी परतल्यावर. लहानपणीच्या लसींची स्मृतीही पुसट झालेली असते. त्या पुन्हा घ्याव्या लागतात, आणि गोवरासारख्या जिवंत लसी साधारण दोन वर्षांनंतरच. घरातल्या बाळाला तोंडावाटे पोलिओचा डोस दिला, तर तो विषाणू काही आठवडे त्याच्या शौचातून बाहेर पडतो. अशा घरात इंजेक्शनची लस द्यावी अशी शिफारस आहे. आणि गावी ताप आला, तर आधी थर्मामीटर लावावा, पॅरासिटामॉल नंतर. आकडा 38 अंश सेल्सियसवर असेल, तर गावातल्या डॉक्टरांना तीन गोष्टी त्याच वेळी सांगायच्या: प्रत्यारोपणाची तारीख, सध्या चालू असलेला स्टिरॉइडचा डोस, आणि रुग्ण आजवर कुठेकुठे राहिला आहे.