आज्ञावलीची निर्दोष अक्षरजुळणी

कथेच्या छापील ओळीत एखादे विरामचिन्ह गळले, तरी वाचक अर्थ लावून घेतो. संगणकाच्या आज्ञावलीचे तसे नाही. तीतील एक कंस गळला, तरी पुस्तकावरून ती उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याचे श्रम वाया जातात. म्हणून आज्ञावली छपाईसाठी सिद्ध करण्याचे काम यंत्रावरच सोपविणे हिताचे असते.

डोनाल्ड क्नुथ यांनी १९७७ साली अमेरिकेत टेक या अक्षरजुळणी-प्रणालीच्या रचनेस आरंभ केला. तिच्यावर उभारलेल्या लेटेक या प्रणालीत दहा चिन्हे विशेष कामांसाठी राखून ठेवलेली आहेत. उदाहरणार्थ, % हे चिन्ह दिसताच ओळीचा उरलेला भाग टिप्पणी समजून वगळला जातो. सी भाषेत मात्र हेच चिन्ह भागाकारातील बाकी काढण्यासाठी वापरतात. साहजिकच अशी ओळ अर्धवट छापली जाते. शिवाय लागोपाठच्या अनेक मोकळ्या जागांची एकच जागा होते. पायथन भाषेत ओळीच्या आरंभीची जागा अर्थपूर्ण असल्याने ही हानी अधिकच गंभीर ठरते.

मजकूर जसाच्या तसा छापण्याची सोय लेटेकमध्ये आहे. परंतु भाषेतील राखीव शब्द ठळक अक्षरांत हवे असल्यास ती पुरी पडत नाही. अशा वेळी सेड हा मजकूर-संपादक उपयोगी पडतो. ली मॅकमेहन यांनी १९७३-७४ मध्ये बेल प्रयोगशाळेत तो तयार केला. लिहून ठेवलेल्या आज्ञा तो प्रत्येक ओळीवर क्रमाने चालवितो.

येथे क्रमाला फार महत्त्व आहे. \ हे चिन्ह छापण्यासाठी जी आज्ञा लिहितात, तीतच महिरपी कंस येतात. पुढच्या पायरीस मूळ मजकुरातील कंस बदलू लागताच हे नवे कंसही बदलतात व आज्ञा बिघडते. यावर उपाय सोपा आहे. प्रथम \ च्या जागी मजकुरात कोठेही न येणारी तात्पुरती खूण ठेवावी. मग कंस बदलावेत. आणि शेवटी खुणेच्या जागी पूर्ण आज्ञा घालावी.

कर्निघन आणि रिची यांच्या सी भाषेवरील १९७८ च्या पुस्तकातील उदाहरणे थेट पुस्तकाच्या संगणकीय मजकुरावरूनच तपासली होती. तत्त्व हेच आहे : चालणारी प्रत आणि छापली जाणारी प्रत यांचे मूळ एकच असावे. आज्ञावलीत सुधारणा झाली, की संपादकाची तीच आज्ञामालिका पुन्हा चालवावी. मग हाताने नक्कल करण्याचे आणि तीत चूक होण्याचे कारणच उरत नाही.